बांध तोडणाऱ्यांच्या गावात

हिरामावशीवर गुन्हा मीच नोंदवला होता, आणि दोन वर्षांनी तिच्याचबरोबर एका खोलीत बारा दिवस जर्मनीत राहायची वेळ माझ्यावर आली. प्रवासाचं लिहायला बसले तेव्हा वाटलं, हे आधी सांगून टाकावं. नाहीतर पुढचं नीट लागायचं नाही.

मी वनरक्षक आहे. घर निडीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, नेमणूक पेणला. आमच्याकडे पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर वाल. पाणी कमी पडतं ही आमची तक्रार. पाणी नको असणारी माणसं पेणला गेल्यावर पहिल्यांदा पाहिली. धरमतरच्या खाडीकाठी लोक मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवतात आणि आतल्या जमिनीत भात लावतात. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात शिरतं. ते वेळेवर बुजवलं नाही तर दोन-चार वर्षांत भाताच्या जागी कांदळ, म्हणजे खाऱ्या पाण्यातली झाडी, उभी राहते. कांदळ तोडायला कायद्यानं बंदी आहे.

हिरामावशीच्या गावची खांड बरीच वर्षं तशीच होती. शेवटी गावानं ती स्वतः बुजवायला घेतली, आणि वाटेत आलेली कांदळ तोडली. मी गेले, काम थांबवलं, मोजमाप केलं, पंचनामा केला. सहा नावं लिहिली. पहिलं हिराबाई गोमा म्हात्रे, कारण कोयता तिच्या हातात होता. तिनं काही वाद घातला नाही. अंगठा नको, सही करते, एवढंच म्हणाली.

पुढे त्याच गावात कांदळवनाची समिती झाली. अध्यक्ष व्हायला कोणी पुढे येईना, म्हणून हिरामावशी झाली. मग बाहेरून निमंत्रण आलं. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रातलं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे निरनिराळ्या देशांतल्या उद्यानांचे कर्मचारी, आणि प्रत्येकाबरोबर गावातला एक भागीदार, असं प्रशिक्षण होतं. आमचे साहेब जाणार होतेच. त्यांनी माझं आणि मावशीचं नाव दिलं. तिच्यावर खटला असल्यामुळे कोर्टाची परवानगी लागली, तीही साहेबांनी स्वतः फिरून काढली. त्यांचा हिशेब सरळ होता. खांडीच्या आतली जमीन संरक्षणाच्या आराखड्यात घ्यायची होती आणि त्याला गावाचा ठराव हवा होता. मावशीनं तिकडचं काम डोळ्यांनी बघितलं तर ती गावाला समजावेल, असं ते म्हणाले. मलाही ते पटलं होतं.

मावशी कशासाठी येतेय ते तिनं मला पेणच्या स्टँडवर सांगितलं. "तिकरची जमीन दर्याच्या खाली हाय म्हनतात. मंग ते बांध कसा घालतात, तो मना बघायचा हाय."

उतरल्या उतरल्या

विमानाचं काही सांगत नाही, बसायचं आणि उतरायचं. पण तिकडच्या विमानतळावर मावशीची पिशवी उघडायला लावली. आत सुकट होती, तीन पुडक्यांत घट्ट बांधलेली. त्या अधिकाऱ्यानं एक पुडकं उघडलं आणि मान मागे घेतली. मासळी आणता येत नाही, असं तो सांगत होता आणि साहेब दुसरीकडे बघत उभे होते. मावशीनं विचारलं की तो घरी नेऊन खाणार का. मी म्हटलं, फेकून देणार. मग ती त्या पुडक्यांकडे बघत राहिली. पोह्याचे पापड मात्र त्यानं जाऊ दिले.

आम्ही उतरलो ते गाव लहान होतं. विटांची लाल घरं, खिडक्यांना पडदे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही. सपाट तर इतकं की आमच्या निडीच्या माणसाला उघड्यावर पडल्यासारखं वाटावं. नजर टेकवायला एक डोंगर नाही. समुद्रकाठी आलो असूनही समुद्र दिसत नव्हता. दिसत होती ती गवताची एक लांब हिरवी भिंत, आणि तिच्यावर चरणाऱ्या मेंढ्या.

तोच बांध होता. मावशी सामान खोलीवर न टाकताच तिकडे निघाली. साडीवर तिनं माझं जाकीट चढवलं होतं. चढाव पावलांनी मोजत ती वर गेली, खाली उतरली, पुन्हा वर गेली. गवत बाजूला करून माती चिमटीत घेतली, जिभेला लावली. उद्यानाची एक रक्षक, उटे नावाची, आम्हाला न्यायला आली होती. मेंढ्या कशाला ठेवल्यात, असं मावशीनं तिला माझ्याकरवी विचारलं. त्या गवत कापतात आणि खुरांनी माती दाबत राहतात, असं उटे म्हणाली. मावशी खाली बसली आणि मेंढीच्या खुराचा ठसा बोटानं चाचपू लागली. आपल्याकडे बांध रचला की माणसं नाचवून दाबतात, मग वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही, असं काहीसं ती स्वतःशीच बोलत होती. त्या दिवशी ती खूश होती. मी तिला पंचनाम्याच्या वेळी 'तुम्ही' म्हणत होते. त्या उतारावरून खाली येताना कधी 'तू' म्हणायला लागले ते कळलं नाही.

चिखल

वर्गात पंधरा-सोळा जण होतो. फिलिपिन्सचे, टांझानियाचे, बांगलादेशचे. सकाळी वर्ग आणि दुपारी बाहेर. पक्षी मोजायचे कसे, नकाशे करायचे कसे, लोकांशी भांडण झालं तर बोलायचं कसं. जेवण दुपारी गरम आणि संध्याकाळी गार: पाव, चीज, काकडी. संध्याकाळी सहाला पाव खाऊन झोपायचं हे आम्हा दोघींनाही जमलं नाही. मावशीच्या मते जेवण ते, ज्याच्यावर झाकण ठेवावं लागतं.

तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी उटेनं आम्हाला बांधापलीकडे नेलं. पाणी मैलभर आत गेलेलं, आणि उरलेला राखाडी चिखल क्षितिजापर्यंत. लांब बाकदार चोचीचे पक्षी चिखल टोचत फिरत होते. ते आपल्याकडेही हिवाळ्यात खाडीवर दिसतात. एवढीच काय ती ओळखीची गोष्ट. उद्यानाकडून रबरी बूट मिळाले होते. मी वीस पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाय ओढला तर पाय आला, बूट राहिला. साहेबांची तीच गत. मावशीनं बूट घातलेच नव्हते. कासोटा मारून ती अनवाणी चालत होती. पाऊल टेकवताना बोटं फाकवायची आणि उचलताना आधी टाच सोडवायची, असं तिनं मला वळून दाखवलं. टांझानियाच्या दोघांनी लगेच बूट काढले.

चालता चालता तिच्या पायाला शिंपल्या लागल्या. तिनं वाकून ओचा भरला. उटे धावत आली. इथे काही उचलायला मनाई आहे, हा भाग पूर्ण राखीव आहे, असं ती फार नम्रपणे म्हणाली. मी मावशीला सांगितलं. पेणला मी नेमकं हेच सांगत असते, याच आवाजात. मावशीनं ओचा सोडला आणि शिंपल्या एकेक करून चिखलात परत रोवल्या, जशा होत्या तशा. मग मला विचारलं, हितं पयल्यापासून कोणीच शिंपल्या काढत नव्हतं का? मी उटेला विचारलं. ती म्हणाली, काढत होते, तिची आजीसुद्धा काढायची. मावशीनं मान हलवली आणि पुढे चालू लागली.

हिन्रिकच्या घरी

सहाव्या दिवशी आम्हाला जे दाखवायला मुख्यतः आणलं होतं ते दाखवलं. मोठ्या बांधाच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला, पूर्वी आणखी एक ठेंगणा बांध होता. त्याच्या आत उन्हाळ्यात गाई चरायच्या. आता त्या बांधाला चार ठिकाणी मोठी तोंडं पाडलेली होती. आत भरतीचं पाणी येत-जात होतं, नाले वळत गेले होते आणि जांभळट रंगाची खारी झुडपं पसरली होती. बघायला सुंदर होतं, मी नाही म्हणणार नाही.

मावशीला वाटलं, समुद्रानं तोडलाय. कधी बुजवणार, असं तिनं विचारलं. उटेनं सांगितलं की बुजवायचा नाही, मुद्दाम तोडलाय, ही जमीन समुद्राला परत दिलीय. मी ते मराठीत सांगितलं. मावशीनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग ती त्या तोंडाच्या कडेला उभी राहिली. साहेब तिच्याकडे बघत होते. हाच तो क्षण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. गाडीत बसताना मात्र मला म्हणाली, "ह्यांना येड लागलाय का गो?"

तिथून आम्हाला एका शेतकऱ्याकडे चहाला नेलं. हिन्रिक, सत्तरी ओलांडलेला, आणि त्याची बायको गेशे. ती जमीन ज्यांच्याकडे होती त्या नऊ घरांपैकी एक त्यांचं. हिन्रिक गावची बोली बोलायचा. ती उटेलाही सगळी कळत नव्हती, कारण ती शहरात वाढलेली. तो गेशेला सांगे, गेशे उटेला, उटे मला इंग्रजीत आणि मी मावशीला. उत्तर त्याच वाटेनं परत.

चहाचा त्यांचा एक सोहळा असतो. कपात खडीसाखरेचा मोठा खडा, वरून गरम चहा ओतला की तो तडकतो, त्यावर कडेनं साय सोडायची. ढवळायचं नाही. मावशीनं चमचा घेतला आणि खळाखळा ढवळला. गेशेचा चेहरा पडला, मग ती हसली. मावशीनं पापडांचं पुडकं तिला दिलं. गेशेनं तिथेच एक काढला आणि कच्चाच चावला. चावत राहिली. छान आहे म्हणाली. मावशी उठून तिच्या स्वयंपाकघरात गेली आणि तो पुढे कसा होतो ते चुलीवर दाखवून आली. दोघी पाठोपाठ बाहेर आल्या तेव्हा खोलीत भाजल्या पापडाचा वास होता आणि सगळे जरा मोकळे झाले होते.

मग मावशीनं हिन्रिकला विचारलं. मी जसं झालं तसं लिहिते, मधली वाट सोडून.

"बांध तोडायच्या आदी तुला विचारला व्हता?"

हिन्रिक म्हणाला, उद्यानवाले चार वर्षं विचारत होते. हिवाळ्यात याच टेबलाशी येऊन बसायचे. त्याच्या जमिनीच्या बदल्यात बांधाच्या आत दुसरी जमीन दिली, ती आधी दाखवली, एक उन्हाळा कसून बघ म्हणाले.

"आनी नाय म्हनला असतास तर?"

नऊपैकी दोघं नाहीच म्हणाले, तो म्हणाला. त्यांचा तुकडा तसाच आहे. बांध त्यांच्या भोवतीनं वळवून घेतला. अजून त्यांच्या गाई तिथे चरतात.

मावशीनं कपातला उरलेला चहा संपवला. मग विचारलं, तोडला कोणी?

हिन्रिकनं कप खाली ठेवला. उद्यानाचं मशीन आलं होतं, चालवणारा बाहेरगावचा होता, असं तो सांगू लागला. "मी त्याला खाली उतरवलं. माझ्या आज्यानं घातलेला बांध. परक्यानं तोडू नये असं वाटलं. पहिलं तोंड मी पाडलं."

तेव्हा कसं वाटलं, हे मावशीनं विचारलं नाही, साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी काही नाही, काम होतं. पुढच्या वर्षी गाई बाहेर सोडायचा दिवस आला तेव्हा सवयीनं फाटकापर्यंत चालत गेलो. आता तिकडे जातो तो पक्षी बघायला, पण दुर्बीण नेत नाही.

परतताना साहेब खूश होते. शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं बांध तोडला, यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार, असं ते म्हणाले. शेवटच्या दिवशी आपल्या सादरीकरणात हे घालू, असंही म्हणाले. मावशी खिडकीतून बघत होती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पावाला कंटाळली असेल, असं मी धरून चालले.

नकाशा

शेवटच्या दिवशी प्रत्येक देशानं आपल्या भागाचा आराखडा मांडायचा होता. आमचा साहेबांनी इंग्रजीत मांडला, नीट आणि थोडक्यात. नकाशा मी केलेला होता. पेणला असताना सलग तीन आठवडे बसून केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. खाडी निळी, गाव पिवळं, कांदळ हिरवी. वीस वर्षांपूर्वीचा हिरवा आणि आजचा हिरवा शेजारी शेजारी. आजचा कितीतरी मोठा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बांगलादेशच्या एका बाईंनी, तुम्ही हे कसं साधलंत, असं विचारलं.

मावशी माझ्याशेजारी बसली होती. पडद्याकडे बोट करून तिनं हळू विचारलं, ह्यो हिरवा नवा म्हंजे खांडीच्या आतला ना? मी हो म्हटलं. ती उठली आणि पडद्यापाशी गेली. साहेबांनी हसून तिला जागा दिली. त्यांना वाटलं ती दोन शब्द बोलणार. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी सांगते त्या सगला सांग. मधला काय गालू नको."

मग तिनं त्या हिरव्यावर बोट ठेवून एकेक जागा सांगायला सुरुवात केली. ही मोठी खार, इथे चार घरांचं भात. ही धाकटी कोंडी, इथे पाणी साठायचं म्हणून उशिरा लावणी. ही बामदेवची, तो आता कंपनीत शिफ्टला जातो. हा उघाडीजवळचा, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या दाराजवळचा तुकडा, तो माझा, नवऱ्यानं लगीन झाल्यावर पहिल्या वर्षी बांधला. समुद्रानं बांध तोडला. आम्ही अर्ज केले, आणखी अर्ज केले. कांदळ मोठी झाली. मग आम्ही खांड बुजवायला गेलो तर केस झाली. हिन्रिकला चार वर्षं विचारत होते. मना कोणी विचारला नाय. ही कांदळ कोणी साधली नाय. ही आमची गेलेली शेतं हायत.

मी वाक्यागणिक इंग्रजीत सांगत गेले. 'केस' शब्द आला तेव्हा थांबले. साहेब माझ्याकडे बघत होते. तो शब्द गाळला असता तर कोणाला कळलंही नसतं, मावशीला सोडून. मी तो सांगितला. टांझानियाच्या एकानं विचारलं, केस कोणी केली? मावशीनं माझ्याकडे बोट केलं नाही. ती पडद्याकडेच बघत होती. मी म्हटलं, मी केली. नकाशाही मीच केला. त्यात ती शेतं आहेत हे मला माहीत होतं, पण नकाशात शेताचा रंग ठेवला नव्हता.

खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उटेनं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या देशाला बोलावलं.

बाहेर साहेब म्हणाले की हे आधी आपसात बोलता आलं असतं. मी हो म्हटलं. ते चिडलेले नव्हते, दमलेले होते. परतीच्या विमानात जेवण येऊन गेल्यावर ते आमच्या रांगेपाशी आले, मावशीच्या बाजूच्या रिकाम्या सीटवर बसले आणि खिशातून पेन काढून म्हणाले, त्या शेतांची नावं पुन्हा सांगा, हळू.

परत

परतल्यावर आठ दिवसांनी गावात सभा झाली. मी सकाळच्या गाडीनं पेणला आणि तिथून खाडीकाठी गेले. मला वाटलं होतं की मावशी एकतर ठराव करा म्हणेल किंवा करू नका म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही. मेंढ्यांचं सांगितलं, खुरांनी बांध कसा घट्ट होतो ते. चहा ढवळल्याचं सांगितलं, बायका हसल्या. मग हिन्रिकचं सांगितलं, न हसता. दोन घरं नाही म्हणाली आणि बांध त्यांच्याभोवती वळवला, हे सांगताना तिनं हातानं वळण काढून दाखवलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, आन त्यांच्यावर केस नाय झाली? ती म्हणाली, नाय.

ठराव झाला नाही. ओहोटी बघून सगळ्यांनी बांधावर जायचं आणि कोणाची जमीन कुठे ते नकाशावर लिहायचं, एवढं ठरलं. कांदळ आणि उरलेली शेतं यांच्यामधला आतला बांध आधी पक्का करून द्यावा, बाहेरच्या बुडालेल्या जमिनीचं मागाहून बोलू, असं गावानं लिहून दिलं आणि साहेबांनी ते वर पाठवलं. वरून अजून उत्तर नाही. खटला चालू आहे. माझी साक्ष व्हायची आहे. तोडली का, असं विचारतील, तर हो म्हणेन. कुठे तोडली, असं विचारलं तर त्यांच्याच बुडालेल्या शेतांत, हेही सांगणार आहे, हे मी साहेबांना कळवलं आहे.

आम्ही बांधावर गेलो तो दिवस ढगाळ होता. वीस-बावीस माणसं, त्यांत बायका जास्त. कांदळीत शिरता येत नव्हतं, म्हणून लोक बांधावरूनच हात करून सांगत होते आणि मी नकाशावर लिहीत होते. बरीच भांडणं झाली. हद्दी पाण्याखाली गेल्यावर प्रत्येकाची जमीन थोडी मोठी होते. सहा घरं म्हणाली, कांदळ राहू दे, आता मासळी मिळते तिच्यात. बाकीच्यांना शेत परत हवं होतं.

उघाडीजवळ आल्यावर मावशी थांबली. मी विचारलं, मावशी, तुझं काय लिहू? देणार म्हणून की नाही म्हणून?

ती कांदळीकडे बघत होती. म्हणाली, "देते की नाय ते मी मागून सांगेन. आदी नाव लिव."

मी नकाशा गुडघ्यावर धरला आणि हिरव्या रंगावर काळ्या पेननं लिहिलं: हिराबाई गोमा म्हात्रे, भातशेती. तिनं ते वाचून घेतलं, आणि आम्ही पुढच्या तुकड्याकडे गेलो.